टिण

आधी हे सांगते की कुणी ठरवलं नव्हतं.
नाशकात गाण्याचा धंदा उभा राहावा
असं गोदेच्या मनात नव्हतं, नगरपालिकेच्या तर नाहीच.
झालं ते कांद्यामुळे.

लासलगावचे ट्रक द्वारकेवर चहाला थांबत
आणि ड्रायव्हर विचारत, गाणी आहेत का?
सिनेमातली नको. आपल्याकडची.
कसारा उतरायचाय, डोळा लागता कामा नये.

दत्तू अहिरराव तिथे बॅटऱ्या विकायचा.
त्यानं ऐकून घेतलं वर्षभर,
मग तांबट गल्लीत वरची खोली घेतली, भाडं नव्वद.
भिंतींना द्राक्षांच्या पेट्यांतला थर्माकोल,
खिडकीला गोधड्या, त्यातली एक आमच्या घरची,
अजून परत आली नाही.
मी सतराची. लेबलं चिकटवायची,
शेकड्याला दोन रुपये, खळ आपली आपण आणायची.

सुरगाण्याकडून ठकीबाई भोये आली.
भाच्याची पावरी इतकी लांब
की जिन्याच्या वळणात अडकली,
ती सोडवताना बाईनं मला नाव सांगितलं, मी तिला माझं.
माइककडे पाठ करून उभी राहिली बराच वेळ,
भिंतीशी गायची सवय, म्हणाली.

आणि खाली निवृत्ती तांबट हंडे ठोकत होता.
दत्तूनं जाऊन हात जोडले.
तो म्हणाला, लग्नसराई आहे, तुम्हीच थांबा.
थांबलो.
सात वाजले, नऊ वाजले, शेवटची एसटी गेली,
टेप महाग, वीज कधी जाईल नेम नाही.
ठकीबाई म्हणाली, ठोकू दे की त्याला,
भात सडताना काय मुसळ गप असतं?

टिण, आणि मग ती.
टिण, टिण, आणि मग ती, जराशी मागून,
जशी कुणी हाक मारावी आणि आपण
हातातलं काम संपवून ओ द्यावी.

चार महिन्यांत टेप मालेगाव, साक्री, नवापूर,
वाशीच्या मार्केटात हमाल ती लावून पोती उतरवायचे.
रविवार कारंजाला दुसरा स्टुडिओ, शालिमारला तिसरा,
मग पाट्या मोजायच्या मी सोडून दिल्या.
बागलाणातून, पेठेतून गाणारे यायचे,
सीबीएसजवळच्या लॉजवर खाटेला खाट,
काश्मीरच्या पडद्यापुढे फोटो काढून घ्यायचे फेटा बांधून.
धुळ्याचा एक माणूस खास विचारायला आला,
तो टिण कुठं मिळतो?
दत्तूनं त्याला पितळी तांब्या विकला, दुप्पट भावानं.
पुढे कीबोर्ड आले.
आता तो टिण एका बटणात असतो.

लेबलाचं राहिलंच.
छापखान्यानं जुळवलं होतं: ठकूबाई भोईर.
पहिल्याच लेबलाला माझ्या लक्षात आलं.
दत्तू म्हणाला, अकरा हजार छापून झालेत, पोरी.
मी अकरा हजार चिकटवले.

पैसे न्यायला ती आली, चारशे आणि एक स्टीलचा डबा.
कॅसेट उलटीसुलटी करून म्हणाली,
यात माझं नाव कुठाय?
मी बोट ठेवलं.
तिनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, दोनदा,
आणि म्हणाली, बरं दिसतंय.

नातवानं मोबाइल दिलाय. परवा रात्री
तिचं खरं नाव लिहून शोधलं.
काही सापडलं नाही.
मग दुसरं लिहिलं, ते चुकीचं, माझ्या हातचं,
आणि ती लगेच आली,
खाली लाखालाखांचे आकडे, कुणी कुणी हात जोडलेले.
आवाज बारीक केला की मागचा ठोका जास्त ऐकू येतो.
निवृत्तीचं नाव कुठंच नाही.
त्याचं तर चुकीचंही नाही.
ते हंडे कुणाच्या लग्नात गेले, देवळालीच्या की ओझरच्या,
विचारायला हवं होतं तेव्हाच.